पेटीत मावलेले संगीत नाटक

१६ जुलै १७८२ रोजी व्हिएन्नामध्ये मोझार्टच्या नव्या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. चारच दिवसांनी त्याने वडिलांना पत्र लिहिले. या ऑपेराची सुषिर वाद्यांसाठीची मांडणी आपणच तातडीने केली नाही, तर दुसरा कोणी ती उरकेल आणि पैसाही त्याच्याच खिशात जाईल, अशी चिंता त्यात होती. ती अनाठायी नव्हती. ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बसून यांच्या जोड्या घेऊन आठ वादक त्या काळी ऑपेराच्या चाली सरदारांच्या भोजनगृहापर्यंत नेत. गायक नाही, नेपथ्य नाही, केवळ संगीत.

मराठी ऑपेरा म्हणजे संगीत नाटक. त्याच्या वाट्याला असा ताफा आला नाही. ते काम एका पेटीने केले.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. पुढे ‘मानापमान’ला (१९११) गोविंदराव टेंब्यांनी आणि ‘स्वयंवर’ला (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, तेव्हा पदांत रागदारी आणि ठुमरीचे रंग भरले. बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला होता. वाद्ये मोजकी, पण कामाची वाटणी चोख. सारंगी गळ्याच्या मागे सावलीसारखी फिरे. ऑर्गनचा भाता पायाने चाले, त्यामुळे वादकाचे दोन्ही हात मोकळे राहत आणि गायकाने श्वास घेतला की रिकामी जागा सुरांनी भरून निघे.

आता हेच पद हातपेटीवर एकट्याने वाजवायचे, तर काय काय गमवावे लागते पाहा. गळा गेला. सारंगी गेली. डावा हात भात्यात अडकला. उरला एक उजवा हात. त्यानेच गायचे, त्यानेच साथ करायची आणि दोन ओळींमधला भरणाही त्यानेच द्यायचा. पेटीचे सूर पट्ट्यांत बांधलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्यात निघत नाही. म्हणून वादक निसटत्या कणांनी मींडेचा भास निर्माण करतो. शब्दाचे अक्षर बदलले की तोच सूर पुन्हा हलकेच उचलतो आणि स्वर लांबला की पट्टी धरून ठेवतो. भाता त्याचा श्वास होतो. पद ऐकणाऱ्याला पाठ असेल, तर पेटीतून शब्द ऐकू येतात. हे वर्णन अतिशयोक्त वाटते, पण त्यामागे एवढी कारागिरी आहे. टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते, हा योगायोग मानणे कठीण.

१९३० च्या दशकात बोलपटांनी नाटक मंडळ्यांचे कंबरडे मोडले. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात टेंबेच नायक होते आणि संगीतही त्यांचेच होते. १९३५ मध्ये बालगंधर्वही ‘धर्मात्मा’ साठी ‘प्रभात’च्या कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. रात्रभर रंगणारे प्रयोग विरळ झाले. रंगमंचाबाहेर पद जगवायचे, तर तीन मिनिटांची तबकडी होती आणि घराघरांतली पेटी होती.

नेमक्या याच वळणावर पेटीवर घाव बसला. तिचे सूर ठोकळेबाज, श्रुतींना त्यात जागा नाही, हा आक्षेप जुनाच होता. आकाशवाणीतील पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख जॉन फाऊल्ड्स यांनी १९३८ मध्ये तो लेख लिहून मांडला. जानेवारी १९४० मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी कोलकाता केंद्राला पत्र लिहून आपलाही विरोध कळवला आणि १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी आली. आक्षेप शास्त्राच्या बाजूने अगदीच खोटा नव्हता. पण पेटी रागाची शत्रू आहे की नाही, या वादात ती एका अख्ख्या रंगभूमीची वाहक आहे, ही गोष्ट दिल्लीत कोणाच्या खिजगणतीत नव्हती.

रेडिओ बंद झाला, बैठका बंद झाल्या नाहीत. पी. मधुकर (१९१६–१९६७) यांनी पेटीवर वाजवलेल्या नाट्यपदांच्या तबकड्या निघाल्या. गोविंदराव पटवर्धनांनी (१९२५–१९९६) संगीत नाटकांना आणि मोठमोठ्या गवयांना साथ केली, शिवाय एकल वादनात पदे अशी वाजवली की श्रोते मनातल्या मनात शब्द जुळवीत. चाल एका घरातून दुसऱ्या घरात गेली ती बहुधा अशीच, कानांनी आणि बोटांनी. त्यामुळे ज्यांनी बालगंधर्वांचे नाटक कधी पाहिले नाही, अशांनाही त्यांच्या पदांतल्या हरकती ठाऊक असत.

बंदी १९७१ मध्ये सैल झाली, तीही साथीपुरती. एकल पेटीला आकाशवाणीच्या दारात त्यानंतरही बरीच वर्षे ताटकळावे लागले.