हार्ड डिस्क टकटक करायला लागण्याआधी काय कराल?

मागच्या मे महिन्यात चिखलीहून चुलत भावाचा फोन आला. "दादा, पीसी चालूच नाही होऊन राहिला. आतून टकटक आवाज येऊन राहिला." त्याचा फोन ३२ जीबीचा. मेमरी भरली की फोटो पीसीवर टाकायचे आणि फोनमधून उडवायचे, असं त्याचं चार वर्षं चालू होतं. आजीचे शेवटच्या वर्षातले फोटोही त्यातच. तो याला बॅकअप म्हणायचा. पण फाईल एकाच ठिकाणी असेल तर तो बॅकअप नसतो, नुसती जागा बदललेली असते. शेवटी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेले फोटो तेवढे वाचले, तेही कॉम्प्रेस झालेले.

तो आवाज कशाचा?

हार्ड डिस्कमधल्या चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. वाचणारं हेड त्यांच्या वर जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगतं. माणसाच्या केसाची जाडी ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास असते, यावरून अंदाज करा. हेडला आपली जागा सापडेना झाली की ते पुन्हा पुन्हा मागे-पुढे जातं, तीच टकटक. असा आवाज आला तर पीसी लगेच बंद करा. रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवत बसू नका, कारण प्रत्येक मिनिटाला चकती आणखी खरवडली जाऊ शकते. यूट्यूब बघून डिस्क उघडणं तर नकोच. आत गेलेला धुळीचा कणही पुरतो.

एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती आवाज करत नाही. बंद पडताना सूचनाही देईलच असं नाही.

तब्येत कशी तपासायची?

डिस्क स्वतःची नोंद ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ती नोंद दाखवतं. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध. हार्ड डिस्क असेल तर त्यातल्या ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा: बदललेले सेक्टर, बदलायच्या रांगेतले सेक्टर आणि वाचताच न आलेले सेक्टर. हे आकडे शून्य असतील तर उत्तम. दर महिन्याला वाढत असतील तर आधी फाईली दुसरीकडे कॉपी करा, 'चेक डिस्क' नंतर. बरेच जण नेमकं उलटं करतात आणि थकलेल्या डिस्कला रात्रभर पळवतात.

तापमानही तिथेच दिसतं. बऱ्याच घरगुती हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंश असते, पण ५० च्या वर गेलं की मी काळजी करतो. बुलडाणा शहर घाटावर आहे, तिथे निभतं. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे मे महिन्यात खोलीच ४० च्या पुढे जाते. त्यामुळे कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका आणि पंख्यावरची धूळ काढत जा. लाईट जाण्याचा भरवसा नसेल तर यूपीएस घ्या, कारण फाईल लिहिली जात असतानाच वीज गेली तर फाईल खराब होऊ शकते.

डीफ्रॅगमेंटेशनची चिंता सोडा, विंडोज ते स्वतःच वेळेवर करतं. एसएसडीवर बाहेरचा डीफ्रॅगर चालवू नका, उगाच झीज होते.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं?

'क्लीनर', 'बूस्टर' नावाच्या गोष्टींपासून मी लांबच राहतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध सी-क्लीनरच्या अधिकृत आवृत्तीतच मालवेअर घुसवलं गेलं होतं आणि ती सुमारे २२.७ लाख लोकांपर्यंत पोचली. फोनवरही तेच. २९ जून २०२० रोजी सरकारने बंदी घातलेल्या ५९ अॅपमध्ये ईएस फाईल एक्सप्लोरर, शेअरइट, झेंडर आणि क्लीन मास्टर होते. फाईल मॅनेजरला आपण सगळ्या फाईलींची परवानगी देतो, म्हणून टॉर्चच्या अॅपपेक्षा इथे जास्त चिकित्सा हवी. फोनसाठी फाईल्स बाय गूगल पुरेसं आहे.

पीसीवर जागा कुणी खाल्ली हे बघायला विझट्री. एनटीएफएस ड्राइव्हची यादी थेट वाचत असल्याने ते काही सेकंदांत उत्तर देतं. नावावरून फाईल शोधायला एव्हरीथिंग. दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवायला फ्रीफाईलसिंक, पण त्यात 'मिरर' आणि 'अपडेट' यांतला फरक समजून घ्या. मिररमध्ये मूळ फोल्डरमधून चुकून उडवलेला फोटो पुढच्या वेळी प्रतीतूनही उडतो. अपडेटमध्ये तो प्रतीत तसाच राहतो. भावाच्या नव्या पीसीवर मी अपडेट लावून दिलंय आणि ती दुसरी डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवायला सांगितलंय.