शाकारणीच्या दिवसांत खोताची वाडी

डोळे उघडलेत की आधी वर बघा. माडांच्या झावळ्यांनी आभाळ झाकलं आहे. अठरावं शतक सरत आलं आहे आणि तुम्ही मुंबईच्या बाहेर उभे आहात. शहर तिकडे दक्षिणेला, तटबंदीच्या आत: गोदी, वखारी, कंपनीच्या कचेऱ्या. गिरगाव हे त्या शहराचं उपनगर. माडांच्या वाड्या, भाजीचे मळे, माडी काढणारे भंडारी आणि पश्चिमेला समुद्र. पुढे या वाड्यांमधून माणसं दाटीवाटीने राहतील, झाडं जातील, पण फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी ही नावं मागे उरतील. तुमच्या पायाखालची वाडी मात्र झाडाच्या नव्हे, धन्याच्या नावाने ओळखली जाणार आहे. दादोबा वामन खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थांची ही जमीन. तिचे तुकडे त्यांनी घरं बांधायला दिले. घेणाऱ्यांत बरेच जण मराठी बोलणारे ख्रिस्ती होते, पोर्तुगीज अमलात बाप्तिस्मा झालेल्या घराण्यांतले.

कुणी नकाशा काढलेला नाही. ज्याला जसा तुकडा मिळाला तसं त्याने घर बांधलं. माड वाचवला, विहिरीला वळसा घातला. घरं उभी राहिल्यावर मध्ये जे उरलं ती गल्ली. म्हणून ती सरळ नाही, आणि कुठेकुठे तर समोरून कुणी आलं की एकाने खांदा तिरका करायचा, एवढीच तिची रुंदी. या वाडीच्या देखणेपणाचं पुढे जे कौतुक होणार आहे, त्याचं निम्मं श्रेय या उरलेल्या जागेला द्यायला हवं.

वैशाख आहे. एक माणूस छपरावर उकिडवा बसून कुजलेल्या झावळ्या ओढून काढतो आहे, खालचा नव्या झावळ्या वर देतो आहे. पावसाआधीची शाकारणी. या माणसाला नीट बघून ठेवा. पुढे ज्या ज्या काळात जाल, तिथे आधी छपरावर नजर टाका आणि तो आहे का बघा.

शंभरेक वर्षं ओलांडा. साल १८९७, महिना तोच. १८६०च्या दशकात शहराचा तट पाडला, किनाऱ्याने आगगाडी धावू लागली, आणि शहराबाहेरचं गिरगाव जागचं न हलता शहराच्या आत आलं. डोक्यावर आता लाल, चपटी, एकसारखी कौलं आहेत. मंगळूरला बासल मिशनने १८६५मध्ये कौलांचा कारखाना काढला; तिथला माल किनाऱ्याकिनाऱ्याने वर आला. ही कौलं एकमेकांत अडकतात. छपरावरून मांजर धावलं म्हणून सरकत नाहीत, नळीच्या कौलांचं ते दुखणं गेलं. तरी वैशाखात फुटकं कौल बदलावंच लागतं. छपरावरचा माणूस तिथेच आहे, फक्त त्याच्या हातात झावळीऐवजी कौल आलं आहे.

एका घरासमोर थांबा. घाई करू नका, कारण हे घर समजलं की वाडी समजली. खाली दगडी जोतं. त्यावर सागवानी खांब आणि पुढे पडवी. पडवीला कमरेएवढा लाकडी कठडा, त्यात कोरीव नक्षी. वर एक मजला, त्याच्या पुढे गॅलरी, पावळीला लाकडी झालर. आणि जिना? तो घराच्या बाहेर, गल्लीतूनच वर चढणारा. बाहेरून बघणाऱ्याला हा हौसेचा प्रकार वाटतो. आहे निव्वळ व्यवहार. वर धाकट्या भावाचा संसार किंवा भाडेकरू असेल, तर त्याला खालच्यांच्या बैठकीतून ये-जा करायला नको. आतली जागा वाचते. आणि वर जाणारा प्रत्येक जण गल्लीला दिसतो, ही सोय आणि तोच जाच. पडवीत बसलेली म्हातारी तुम्हाला हटकतेच: "कोण पाहिजे तुमाला?" तिचं मराठी ओळखीचं वाटतं, हेल मात्र वेगळा. दहा वर्षांपूर्वी, १८८७मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात तिच्या समाजाने स्वतःची संघटना काढली आणि 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांशी नोकऱ्यांत गल्लत होऊ नये, हे त्यामागचं एक कारण. म्हातारीला त्यात फारसा रस नाही. तिला तुमच्या येण्याचं काम हवं आहे.

तिचा संशय रास्त आहे. हे प्लेगचं वर्ष आहे. मागच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला आणि तेव्हापासून सरकारी माणसं घराघरांत शिरत आहेत. अंधाऱ्या खोल्यांत ऊन-वारा यावा म्हणून शहरात ठिकठिकाणी छपरांची कौलं उतरवली गेली. राहायला नालायक ठरलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' ही इंग्रजी अक्षरं रंगवली गेली. शाकारणीचा माणूस कौलं चढवतो आणि सरकारचा माणूस ती उतरवतो, असा तो काळ. लगेच पुढच्या वर्षी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट येतो आणि दाट वस्त्यांतून रुंद रस्ते कापायला लागतो. इथून थोडं उत्तरेला सँडहर्स्ट रोड निघतो, आज आपण ज्याला सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतो तो. खोताची वाडी सरसकट पाडापाडीतून वाचते.

१९३१मध्ये थोडं रेंगाळायला हरकत नाही. याच गिरगावात मॅजेस्टिक सिनेमात 'आलमआरा' लागला आहे आणि बोलपटाच्या तिकिटांसाठी झुंबड उडते आहे. भोवतीच्या वाड्यांमध्ये चाळी उभ्या आहेत, तीन मजली, चार मजली, एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड. मुख्य रस्त्यावरून खोताच्या वाडीत वळलात की गलका मागे राहतो. दुपारची वेळ. पडव्यांत, ओट्यांवर चटया पसरल्या आहेत आणि त्यांवर मिरच्या, धणे, हळकुंडं, तीळ, खसखस वाळते आहे. बॉटल मसाल्याचे दिवस. भाजून, कुटून, गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरला की वर्षाची बेगमी झाली. नाकात मिरचीचा खाट जातो आणि तुम्ही शिंकता. समोरच्या गॅलरीतून कुणीतरी हसतं. वर कुणी पियानोवर बोटं फिरवतंय. शेजारच्या हिंदू घरातून ताटलीभर आंबे इकडे येतात, ताटली रिकामी परत जात नाही.

ही घरं कशासाठी बांधली आहेत ते अशा दुपारी कळतं. पडवी नसती तर मसाला वाळवायला जागा नसती. कठडा बेताचा नसता तर येणाऱ्या-जाणाऱ्याशी बसल्याजागी बोलता आलं नसतं. गल्ली रुंद असती तर समोरच्या गॅलरीतलं हसू ऐकू आलं नसतं. वर बघा: छपरावर माणूस आहे.

इथून पुढचा प्रवास भरभर करू. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला आसरा मिळाला, पण मालकाच्या हाती येणाऱ्या पैशात जिन्याची एक पायरीही बदलून होईना. पुढे चटईक्षेत्राचे हिशेब आले. त्या हिशेबात एकमजली सागवानी घराला किंमत नसते, त्याच्याखालच्या जमिनीला असते. पोरं शिकली, उपनगरांत गेली, परदेशी गेली. चौघा भावांची नावं लागलेल्या घराला कौलं कुणी घालायची? आता छपरावर बघितलंत तर निळं प्लॅस्टिक दिसेल, किंवा पत्रा. जुनी घरं पडून त्यांच्या जागी मजले चढू लागले. वाडीत एकेकाळी ६५ घरं होती असं सांगतात. आज निम्मीही उरलेली नाहीत.

एप्रिल १९९५. मुंबईचे वारसा नियम लागू होतात. शहरातल्या जुन्या वास्तूंसाठी असे नियम करणारं हे देशातलं पहिलं शहर. वास्तूंच्या तीन श्रेणी ठरतात आणि बदल करण्याआधी वारसा समितीकडे जावं लागतं. या नियमांची किंमत कमी लेखू नका. ते नसते तर तुमच्या या सफरीत थांबायला जागाच राहिली नसती. वारसा-परिसर म्हणून या वाडीचं नाव झालं त्यात रहिवाशांचाही मोठा वाटा आहे. जेम्स फरेरा यांच्यासारखे इथले रहिवासी, जे फॅशनच्या जगात नावाजले, आपलं घर न विकता त्याच्याविषयी बोलत राहिले.

पण आता आजच्या वाडीत या. गिरगावात भुयारी मेट्रोचं स्टेशन झालं आहे. बाहेर पडलात की थोड्याच वेळात तुम्ही पिवळ्या, निळ्या, तांबड्या घरांसमोर असता. मोबाइल काढलेली गर्दी तुमच्याआधी पोचलेली असते. कुणाच्या तरी जिन्यावर नवरा-नवरी लग्नाआधीच्या फोटोंसाठी उभे आहेत आणि दाराआड त्या घरची बाई पिशवी घेऊन ते बाजूला होण्याची वाट बघते आहे. माना वर केल्यात तर कौलांच्या मागे टॉवर दिसतात.

त्या बाईला विचारलंत तर ती फोटोंविषयी नाही, वाळवीविषयी बोलेल. वासा बदलायचा तर तसं सागवान आज कुणाला परवडतं? नक्षीचा कठडा करणारा सुतार शोधावा लागतो. सिमेंटचा खांब घातला तर घराचं रूप बिघडतं, लाकडाचा घातला तर घराचं गणित. जिन्यावर बसणाऱ्यांपैकी कुणी आजवर एका कौलाचेही पैसे दिलेले नाहीत. शहराला हे घर जसंच्या तसं हवं आहे. शहराची ही अपेक्षा योग्यच आहे, पण तिचं बिल एकट्या घरमालकाच्या नावावर फाडलं जातं, हे मला पटत नाही.

वारसा म्हटलं की आपल्याकडे निळी पाटी, सुशोभित दिवे, फरसबंदी एवढंच सुचतं. लाकडी घर पाटीवर टिकत नाही. दर वर्षी पावसाआधी कुणीतरी छपरावर चढून फुटकं कौल काढलं, नवं बसवलं, पन्हळ साफ केली, तर टिकतं. ते थांबलं की तीन-चार पावसाळ्यांत तुळई कुजते, आणि मग ते घर 'धोकादायक' ठरवायला कुणालाच कष्ट पडत नाहीत.

तुम्ही खोताच्या वाडीत जाणार असाल तर नाताळातल्या रोषणाईऐवजी एखाद्या वैशाखात जा. कुणाच्या जिन्यावर बसू नका. बसायचंच तर विचारून बसा. आणि महापालिकेकडे काही मागायचं झालंच तर पाट्या मागू नका. वारसा-यादीत नाव असलेल्या राहत्या घराला मालमत्ता करात सूट आणि दुरुस्तीला अनुदान मागा. ज्या शहराला घराचं रूप जपून हवं आहे, त्याने शाकारणीच्या खर्चात वाटा उचलला पाहिजे. तो उचलायचा नसेल, तर उद्या त्या घराच्या धन्याने बिल्डरला होकार दिल्यावर हळहळायचा हक्कही शहराला नाही.