दोन मिलिमीटरची सीमा

नदीने गोलसर केलेले गोटे एकमेकांना सांधले जाऊन खडक झाला की तो पिंडाश्म. पण खडा कुठे संपतो आणि वाळू कुठे सुरू होते? भूविज्ञानात ही सीमा २ मिलिमीटरवर आहे, आणि ती ज्या मोजपट्टीवर आखली, ती जन्मली धुळीच्या अभ्यासातून.

स्वीडनमध्ये जन्मलेले योहान ऑगस्ट उडेन अमेरिकेत इलिनॉयच्या ऑगस्टाना कॉलेजात शिकवत. वारा कोणत्या आकाराचा कण कुठवर नेतो, याचा त्यांना ध्यास होता. १८९८ मध्ये त्यांनी १ मिलिमीटर हा आधार धरून कणांचे गट पाडले. वर जाताना आकार दुप्पट, खाली येताना निम्मा. मला यातली समज फार मोठी वाटते. मिलिमीटरभराचा फरक धोंड्याच्या गावीही नसतो. वाळूच्या कणाचा मात्र त्याने सारा प्रवास बदलतो.

१९२२ मध्ये चेस्टर वेंटवर्थ यांनी ही पट्टी सुधारली आणि गटांना पक्की नावे दिली. २५६ मिलिमीटरच्या वर धोंडा, ६४ पर्यंत मोठा गोटा, ४ पर्यंत लहान गोटा, २ पर्यंत बारीक खडा. त्याखाली वाळू, मग गाळ, शेवटी चिकणमाती. याच वेंटवर्थनी १९१९ मध्ये गोटे कसे झिजतात हेही प्रयोगशाळेत आणि प्रत्यक्ष पात्रात तपासले होते.

झिजेचे महत्त्व आकाराइतकेच आहे. तुकडे धारदार, कोनदार राहिले तर तो कोणाश्म. माल डोंगरपायथ्याशीच साचला असावा. गोल झाले तर पाण्याने ते दूरवर लोळवले. गोटे एकमेकांना टेकलेले असतील तर जोरदार प्रवाह आठवावा. चिखलात सुटे रुतलेले असतील तर चिखलाचा लोंढा किंवा हिमनदी. मधल्या पोकळ्यांतून झिरपणारे पाणी चुना, सिलिका किंवा लोहाची संयुगे मागे ठेवते आणि सैल थर सांधला जातो.

असा सांधलेला थर पाहायला नेवाशाजवळ प्रवरेकाठी जावे. तिथे चुन्याने घट्ट झालेल्या गोट्यांत अश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली. १९५४ पासून ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या डेक्कन कॉलेजच्या सहकाऱ्यांनी नेवाशात उत्खनन केले. हत्यारांनाही झिजेची तीच कसोटी लागते: धार बोथट झालेले हत्यार नदीने वाहून आणलेले, धार ताजी असलेले बहुधा घडवले तिथेच किंवा जवळपास पडलेले.