एका दुर्धर बालव्याधीच्या संज्ञांचा इतिहास

रोगाची संज्ञा ही ज्ञानाची नोंद असते, तशीच ती अज्ञानाचीही नोंद असते. बालकांना होणाऱ्या एका दुर्मिळ व्याधीचे नामकरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. तोवर निरोगी असलेले, बहुधा शाळेत जाणारे मूल साध्या तापाने आजारी पडते. काही दिवसांत त्यास आकडी येऊ लागते. ती दर काही मिनिटांनी परतते आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. व्याधी एकच, नावे मात्र अनेक.

चरकाने अपस्माराची व्याख्या स्मृतीच्या अपगमाशी जोडली. म्हणजे नावात लक्षण सांगितले. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बालकांना पीडा देणारे नऊ ग्रह सांगितले आहेत. त्यांपैकी एक स्कंदापस्मार होय. येथे लक्षणाबरोबर कर्ताही नावात शिरला. पॅरिस येथे १८२४ साली कालमेय याने आपल्या प्रबंधात अविरत आकडीसाठी जी फ्रेंच संज्ञा नोंदविली, तिचा अर्थ केवळ 'व्याधीची अवस्था' एवढाच होतो. कारणाविषयी ती मौन पाळते. पुढे 'स्टेटस एपिलेप्टिकस' हे लॅटिन रूप रूढ झाले.

प्रस्तुत व्याधीच्या बाबतीत असे मौन पाळले गेले नाही. जपानी वैद्यकांनी दिलेल्या नावात 'तीव्र मस्तिष्कशोथ' हे पद होते. २००६ साली फ्रान्समध्ये 'शालेय वयातील विध्वंसक अपस्मारी मस्तिष्कविकृती' असे वर्णन पुढे आले. २०१० साली जर्मनीतील व्हान बालेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच ही विकृती मस्तिष्कशोथाची नव्हे असे म्हटले होते. एक नाव शोथ गृहीत धरते, तर दुसरे तो नाकारते.

याहून उद्बोधक गोष्ट 'फायर्स' या आद्याक्षरी संज्ञेची आहे. २०१० सालीच, एकाच नियतकालिकात, तिचे दोन निरनिराळे विस्तार छापले गेले. एकाचा अर्थ 'ज्वराने उत्पन्न झालेली', तर दुसऱ्याचा 'ज्वरयुक्त संसर्गाशी संबंधित'. अक्षरे तीच राहिली. परंतु कार्यकारणाचा दावा सौम्य झाला. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने दुसरा अर्थ स्थिर केला : आकडीच्या आरंभापूर्वी २४ तास ते २ आठवडे या अवधीत ज्वरयुक्त संसर्ग झालेला असावा, आरंभी ज्वर असो वा नसो. वयाची अटही गळाली.

हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. २०११ साली अनेक केंद्रांतील ७७ मुलांची माहिती एकत्र प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ९ मुले तीव्र अवस्थेतच दगावली. वाचलेल्या ६८ पैकी केवळ १८ टक्के मुलांची बौद्धिक क्षमता पूर्ववत राहिली. इतक्या विरळ व्याधीची अशी मोजदाद समान नावाखेरीज दुष्कर असते. कीटोजनिक आहार, तसेच शोथरोधक अ‍ॅनाकिन्रा यांचे अनुभव पडताळून पाहणेही त्यामुळेच सुकर झाले.

मराठी परिभाषाकारांसाठी यात एक इशारा आहे. '-जन्य' हा उत्तरपद आपल्याकडे फार सहज वापरला जातो. 'ज्वरजन्य' असे म्हटले की ताप वेळीच उतरविला असता तर मूल बचावले असते, असा अर्थ आई ऐकते. आणि ज्या गोष्टीस कोणताही आधार नाही, तिचा दोष आयुष्यभर स्वतःकडे घेते. 'ज्वरसंबद्ध' ही संज्ञा कमी सांगते, परंतु जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगते. कारण उलगडेपर्यंत तीच स्वीकारावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.