जाब विचारणारी लेखणी : काशीचे मराठी संपादक बाबूराव पराडकर

वाराणसी : पंचगंगा घाट आणि ब्रह्माघाट यांच्या मध्ये वसलेला दुर्गाघाट हा काशीतील मराठी वस्तीचा जुना भाग. अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकर यांच्या पुढाकाराने तो बांधला गेला आणि पेशवेकाळात वैदिक, शास्त्री व आश्रित कुटुंबे येथील गल्ल्यांतून स्थिरावली. काशीच्या याच मराठी समाजातून हिंदी पत्रकारितेला तिचा एक श्रेष्ठ संपादक मिळाला. त्यांचे नाव बाबूराव विष्णू पराडकर. सत्तेने केलेल्या गुन्ह्यांचा जाब विचारण्यास जेव्हा न्यायालय उपलब्ध नव्हते, त्या काळात वृत्तपत्रालाच साक्षीदार करणाऱ्या पिढीचे ते प्रतिनिधी होत.

पराडकर यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1883 रोजी काशीत झाला. वडील विष्णुशास्त्री हे संस्कृतचे पंडित. घरात मराठी, शिक्षणात संस्कृत आणि भोवती हिंदी, अशा त्रिवेणीत त्यांची जडणघडण झाली. बिहारमधील भागलपूर येथेही त्यांचे काही शिक्षण झाले. 1906 मध्ये ते कलकत्त्यास गेले आणि ‘हिंदी बंगवासी’ या पत्रातून त्यांनी पत्रकारितेत प्रवेश केला.

मामांचा वारसा

कलकत्त्याच्या वास्तव्यात त्यांच्यावर सर्वांत खोल ठसा उमटला तो त्यांचे मामा सखाराम गणेश देऊस्कर यांचा. देवघर येथे जन्मलेले देऊस्कर मराठी भाषक असूनही बंगालीतील नामवंत लेखक आणि ‘हितवादी’चे संपादक होते. त्यांच्या ‘देशेर कथा’ या ग्रंथात ब्रिटिश राजवटीतील आर्थिक लुटीचा आकडेवारीनिशी हिशेब मांडलेला होता. 1904 साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथावर सरकारने 1910 मध्ये बंदी घातली. पराडकरांनी तो ‘देश की बात’ या नावाने हिंदीत आणला. आरोप करायचा तर पुरावा हवा आणि संतापाला आकड्यांचा आधार हवा, हा धडा त्यांना येथे मिळाला. पुढे ‘हितवार्ता’चे संपादन करीत असताना ते बंगाल नॅशनल कॉलेजात अध्यापनही करीत. 1911 पासून ‘भारतमित्र’मध्ये अंबिकाप्रसाद वाजपेयी यांच्यासमवेत त्यांनी काम केले.

त्याच काळात बंगालमधील क्रांतिकारकांशी त्यांचे संबंध जुळले. पहिले महायुद्ध सुरू होते आणि 1915 च्या भारत संरक्षण कायद्याने सरकारला खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा अधिकार दिला होता. 1916 मध्ये पराडकरांना अटक झाली. न्यायालयात आरोप सिद्ध न होताच सुमारे साडेतीन वर्षे त्यांना बंदिवासात व नजरकैदेत काढावी लागली.

दोन न्याय

ते स्थानबद्ध असतानाच 13 एप्रिल 1919 रोजी अमृतसर येथे जालियनवाला बाग हत्याकांड घडले. सरकारी आकड्यानुसार 379 जण मृत्युमुखी पडले. काँग्रेसच्या चौकशीने ही संख्या त्याहून बरीच अधिक असल्याचे म्हटले. त्याच वर्षी जून महिन्यात झालेल्या व्हर्सायच्या तहात जर्मन सम्राटावर खटला चालविण्याचे कलम घालण्यात आले. जेत्यांनी पराभूत राजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची भाषा केली खरी. मात्र भारतात पंजाबमधील अधिकाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा त्याच वर्षी संमत झाला. जनरल डायर यांना लष्करी जबाबदारीतून दूर करण्यात आले, परंतु त्यांच्यावर फौजदारी खटला कधीच चालला नाही. उलट इंग्लंडमध्ये त्यांच्यासाठी निधी उभारला गेला. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांना मात्र एप्रिल 1919 मध्येच हद्दपार करण्यात आले. अपराधी मोकळा आणि अपराध सांगणारा शिक्षेस पात्र, असा तो विपरीत न्याय होता.

अशा वातावरणात पराडकर मुक्त होऊन 1920 मध्ये काशीस परतले. शिवप्रसाद गुप्त यांनी 5 सप्टेंबर 1920 रोजी ‘आज’ हे हिंदी दैनिक सुरू केले. आदल्याच दिवशी कलकत्त्यात काँग्रेसचे विशेष अधिवेशन भरले होते आणि पंजाबवरील अन्यायाच्या परिमार्जनासाठी असहकाराचा ठराव तेथेच झाला. श्रीप्रकाश हे ‘आज’चे आरंभीचे संपादक, पराडकर प्रारंभापासून पत्राशी जोडलेले होते आणि पुढे संपादकपदाची संपूर्ण धुरा त्यांच्याकडे आली. संयत भाषा, तपासून घेतलेली माहिती आणि न डगमगणारा अग्रलेख ही त्यांची ओळख ठरली.

‘रणभेरी’

1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू होताच सरकारने मुद्रणविषयक वटहुकूम काढून वृत्तपत्रांकडे जामिनाची मागणी केली. ‘आज’चे प्रकाशन थांबवावे लागले. तेव्हा काशीत ‘रणभेरी’ हे भूमिगत पत्र निघू लागले. सायक्लोस्टाइलवर काढलेले त्याचे अंक हातोहात पोहोचविले जात, छपाईची जागा वारंवार बदलली जाई आणि पोलिसांची झडती चुकविली जाई. प्रकाशक म्हणून खुद्द पोलीस अधिकाऱ्याचे नाव छापण्याची थट्टाही या पत्राने केल्याचे सांगितले जाते. लाठीमार, अटका आणि जप्ती यांच्या ज्या वार्ता उघड छापता येत नव्हत्या, त्या या कागदांवरून घराघरांत पोहोचल्या. पराडकर या उपक्रमाचे आधारस्तंभ होते.

मालकीविषयी इशारा

पराडकरांची दृष्टी केवळ परकीय सत्तेपुरती मर्यादित नव्हती. 1925 मध्ये वृंदावन येथील हिंदी संपादक संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी भावी वृत्तपत्रांचे चित्र रेखाटले. पत्रे देखणी होतील, साधनसंपन्न होतील, त्यांचा प्रसारही वाढेल. परंतु त्यांच्यातील प्राण हरपेल आणि संपादक धनिक मालकाच्या इच्छेपुढे दुबळा ठरेल, असा त्या भाषणाचा आशय होता. माध्यमांच्या स्वातंत्र्याची चर्चा होते तेव्हा या भाषणाचा उल्लेख आजही केला जातो.

1938 मध्ये सिमला येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. ‘सर्वश्री’, ‘राष्ट्रपति’, ‘मुद्रास्फीति’ यांसारखे शब्द हिंदीत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. 1943 नंतर काही वर्षे ‘संसार’चे संपादन करून 1947 मध्ये ते पुन्हा ‘आज’मध्ये आले. 12 जानेवारी 1955 रोजी काशीतच त्यांचे निधन झाले.

माधवराव सप्रे, लक्ष्मण नारायण गर्दे आणि पराडकर या मराठी भाषकांनी हिंदी पत्रकारितेचा पाया भक्कम केला. काशीतील पत्रकारांची वास्तू ‘पराडकर स्मृती भवन’ म्हणून ओळखली जाते. दोषींना शिक्षा देण्याचा अधिकार संपादकाकडे कधीच नसतो, पण दोष विस्मृतीत जाऊ न देणे त्याच्या हाती असते. साडेतीन वर्षांच्या बंदिवासानंतरही पराडकरांनी ते कर्तव्य सोडले नाही.