कागद, काच, पत्रा : सुक्या डब्याचा इतिहास

या वीकेंडचा विषय कचरा. (विषयच कचरा आहे, लेख कसा होतो ते तुम्ही ठरवा!)

पिंपरी-चिंचवडमधल्या कुठल्याही सोसायटीत जा, जिन्याखाली नाहीतर गेटजवळ दोन डबे दिसतात. हिरवा ओल्याचा, निळा सुक्याचा. ही आयडिया पर्यावरणवाल्यांची, मग सरकारनं नियम केला आणि म्हणून आपण वेगवेगळं टाकतो, असा आपला साधारण समज असतो. पण पुणे परिसराचा इतिहास वाचायला घेतला तर गोष्ट वेगळीच निघते. घरोघरी कचरा वेगळा करून द्या, असं सांगणारे केंद्राचे नियम आले 2000 साली. पुण्यात ही मागणी त्याच्या दहा वर्षं आधीच सुरू झाली होती, आणि ती कचरा वेचणाऱ्या बायकांच्या पोटापाण्याशी जोडलेली होती.

थोडं मागे जाऊ. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. 1960 च्या दशकात एमआयडीसी आली, टेल्को आली, बजाज आली. 1970 ला नगरपालिका, 1982 ला महानगरपालिका. पुढे चाकणही कारखान्यांनी भरलं. कारखाना म्हटलं की कामगार, कामगार म्हटलं की वसाहत आणि वसाहत म्हटलं की कचरा. त्याच काळात 1972 चा दुष्काळ पडला आणि गावाकडची कितीतरी कुटुंबं पुण्याकडे आली. कारखान्यात नोकरी सगळ्यांना थोडीच मिळणार? त्यातल्या अनेक बायकांच्या, विशेषतः दलित समाजातल्या बायकांच्या, हाती आलं ते पोतं. पहाटे निघायचं, कुंड्या उपसायच्या, कागद-काच-पत्रा वेगळं काढायचं आणि भंगारवाल्याच्या काट्यावर नेऊन घालायचं. वर सकाळी सकाळी पोतं घेऊन फिरणारी बाई म्हणजे चोर, हा संशय ठरलेला.

1990 च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण प्रौढ शिक्षणाच्या कामासाठी या बायकांपर्यंत पोचल्या. त्यांच्याबरोबर कुंड्यांवर गेल्यावर एक साधी गोष्ट लक्षात आली. हाच माल कुंडीत पडण्याआधी घरातूनच सुका मिळाला तर? हात घाणीत जाणार नाहीत, वेळ वाचेल, आणि माल स्वच्छ म्हणजे भावही बरा. मग तिसेक बायकांना ओळखपत्रं देऊन एका भागातल्या घरांतून वेगळा केलेला सुका कचरा गोळा करणं सुरू झालं.

आणि इथेच खरी गंमत आहे. हे जमतंय असं दिसल्याबरोबर त्याच भागात एक उद्योजक गाडी घेऊन दारोदार कचरा गोळा करायला आला! म्हणजे कचरा घाण होता तोवर तो कुणाचाच नव्हता. स्वच्छ झाला, तसा त्याला मालक मिळाला. बायकांनी विरोध केला. एकेकटीचं इथे चालणार नाही हेही कळलं. 1993 साली पुण्यात आठशेहून जास्त कचरावेचकांचा मेळावा भरला आणि डॉ. बाबा आढावांच्या साथीनं संघटना उभी राहिली : कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. (नावात प्लास्टिक नाही, बघा. आज यादी केली तर पहिलं नाव त्याचंच लागेल.)

संघटनेच्या ओळखपत्रांना पुढे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी मान्यता दिली. 'चोर' म्हणणाऱ्याला दाखवायला हातात काहीतरी आलं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना आवडेल असा भाग आता येतो, तो म्हणजे डेटा. 2001 साली पुण्यातल्या कचरावेचकांवर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी एक अभ्यास झाला. त्यात निघालं की कचरा महापालिकेच्या गाडीत चढण्याआधीच या बायका रोज 144 टन माल बाजूला काढतात. त्यामुळे नुसत्या वाहतुकीत वर्षाला जवळपास 1 कोटी 60 लाख रुपये वाचतात. भागाकार केला तर टनाला साधारण 300 रुपये. आणि प्रत्येक वेचक महिन्याला 246 रुपयांचं काम महापालिकेसाठी फुकट करते! दयेच्या अर्जाला जे जमत नाही ते आकड्यांनी केलं. याच योगदानाची दखल म्हणून 2002-03 मध्ये पुणे महापालिकेनं कचरावेचकांचा आरोग्य विमा काढला. पुढे 2007 मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि 2008 मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. बायका दारात येणार, घरटी ठराविक पैसे घेणार आणि सुका माल विकून येणारी कमाईही त्यांचीच.

2013 मध्ये तर या बायकांनी वापरलेले सॅनिटरी नॅपकिन गोळा करून थेट बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले. तुमचं प्रॉडक्ट आमच्या हातात उघडं येतं, आता तुम्हीच बघा काय करायचं ते! 2016 च्या घनकचरा नियमांत नॅपकिनसोबत गुंडाळायला पाकीट देण्याची जबाबदारी कंपन्यांवर आली. कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या, हेही त्या नियमांनी महापालिकांना सांगितलं.

आता ओल्या डब्याबद्दल थोडं. याचाही इतिहास जवळचाच आहे. होळकरांच्या इंदुरात 1924 साली सुरू झालेल्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत डी. वाड यांनी काडीकचरा, शेण, राख, माती थराथरानं रचून, वेळोवेळी उलटून खत करायची रीत बसवली. 1931 मध्ये दोघांच्या नावानं पुस्तक निघालं आणि 'इंदूर पद्धत' जगभर गेली. बाल्कनीतल्या बादलीतही तत्त्व तेच : ओल हवी, हवा हवी, सुका पालापाचोळा हवा. वास मारायला लागला की समजा हवा कमी पडतेय. पण बादलीत दुधाची पिशवी गेली की खताचा खेळ संपला, आणि सुक्यात वरण सांडलं की पुठ्ठ्याचा भाव गेला. म्हणजे एकत्र टाकलं की दोन्हीकडचं नुकसान.

असो. मूळ मुद्द्यावर येतो. सुका डबा भरला, तर त्यातला माल कुणाचा? पुण्यानं एक उत्तर दिलं : वेचणाऱ्यांचा. नदीपलीकडे आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये दारोदारच्या कामाची मुख्य भिस्त ठेकेदारांच्या घंटागाड्यांवर राहिली. ऑगस्ट 2023 मध्ये इथल्या महापालिकेच्या कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पाचं उद्घाटन झालं. सुमारे 300 कोटींचा खर्च आणि वर्षाला अडीच लाख टन कचरा वापरायचा बेत. डोंगर साचण्यापेक्षा वीज बरी, हे मान्य. पण जाळायला चांगलं काय? कोरडा कागद, कोरडं प्लास्टिक. नेमकं तेच, जे काट्यावर विकलं जातं. खरकटं तर नुसती उष्णता खातं.

दुसरीकडे कुदळवाडी. चिखलीजवळचा हा भाग म्हणजे इथल्या भंगार धंद्याचं मोठं ठाणं होता. गोदामांना आगी लागायच्या, धुराचा त्रास व्हायचा, बांधकामं अनधिकृत होती. तक्रारी खोट्या नव्हत्या. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेनं तिथली हजारो बांधकामं पाडली. पण पाडली ती नुसती शेडं नव्हती, निळ्या डब्याच्या पुढची साखळी होती. कचरा तर दुसऱ्या दिवशीही तेवढाच निघाला. त्या मालासाठी सुरक्षित, अधिकृत जागा शहराच्या नकाशावर कुठे, हा प्रश्न रिकाम्या प्लॉटनं सुटत नाही.

आपण आयटीवाले 'एंड टू एंड' हा शब्द दिवसातून दहादा वापरतो आणि कचऱ्याच्या बाबतीत मात्र आपली सिस्टिम गेटपाशी संपते. तेव्हा सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंगच्या भांडणातून वेळ उरला तर तीन गोष्टी विचारून बघा. आपला सुका माल नक्की कुणाकडे जातो? वेगळा करणाऱ्या माणसाला त्यातलं काय मिळतं? आणि त्याला हातमोजे आणि बसून वर्गीकरण करायला शेडखाली जागा आपण दिलीय का? मागच्या अंगणात एक पत्र्याची शेड घालायला सोसायटीला फार खर्च येत नाही.