राख, रिठा आणि चिंच

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, लढाया आणि सनावळ्या आठवतात. नगरपुरते बोलायचे तर १४९० साली अहमद निजामशहाने वसवलेले शहर, भुईकोट किल्ला आणि चांदबिबी. पण त्या किल्ल्यात, भोवतालच्या वाड्यांत आणि खेड्यापाड्यांतल्या घरांतही रोज भांडी घासली जात होती, धुणी धुतली जात होती, तेलकट डाग निघत होते. तेव्हा साबणाची वडी नव्हती, पावडर नव्हती, बाटलीतले द्रावणही नव्हते. मग हे सगळे होत होते कशाने? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात थोडे रसायनशास्त्र आहे, थोडा व्यापार आहे आणि बायकांच्या कष्टांचा मोठा इतिहास आहे.

सुरुवात चुलीपासून करू. चुलीतली राख फुकटची. चाळलेल्या राखेने तांब्या-पितळेची भांडी घासायची, कंदिलाची काच पुसायची. राख दोन कामे करते. तिचे बारीक कण भांड्यावरचा थर खरवडतात, आणि लाकडाच्या राखेत असलेला क्षार तेल-तुपाशी संयोग पावून त्याचा थोडासा साबणच तयार करतो. म्हणून ओलसर राखेने घासलेले भांडे बुळबुळीत न राहता कोरडे, खरखरीत लागते. आपल्या पूर्वजांना हे शास्त्र सूत्रात मांडता येत नसेल, पण गुण माहीत होता. सुश्रुतसंहितेत तर वनस्पती जाळून, त्यांची राख पाण्यात कालवून, गाळून आणि आटवून क्षार कसा करावा यावर स्वतंत्र अध्यायच आहे. तो क्षार औषधासाठी होता, पण कृती तीच. इंग्रजीतला 'अल्कली' हा शब्दसुद्धा मूळचा अरबी, आणि त्याचा संबंध वनस्पतींच्या राखेशीच आहे.

क्षाराचे दुसरे मोठे ठिकाण आपल्याच महाराष्ट्रात आहे, ते म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर. त्याचे पाणी खारट आणि सोड्यासारखे. अकबराच्या काळातल्या 'आइन-इ-अकबरी'तही या भागात काच आणि साबण करण्याची सामग्री मिळते, अशी नोंद आहे. म्हणजे साबण ही वस्तू साहेबाने आणण्याआधीही आपल्याकडे माहीत होती, फक्त ती घरोघरी नव्हती. पुढे युरोपात मिठापासून सोडा करण्याची कृती निघाली. फ्रान्समधल्या लब्लांने १७९१ मध्ये तिचे पेटंट घेतले. कारखान्यातला स्वस्त सोडा जगभर गेला आणि अशा नैसर्गिक क्षारांचे महत्त्व ओसरले. आपल्या देशात १९३९ साली मिठापूरला टाटा केमिकल्सची स्थापना झाली, त्यानंतर देशी सोडाही बाजारात दिसू लागला.

आता चिंच. नगर जिल्ह्यात चिंचेच्या झाडांना तोटा नाही. तांब्याच्या घागरीवर चढलेला काळपट-हिरवा थर राखेने पुरता निघत नाही, चिंचेच्या कोळाने आणि चिमूटभर मिठाने क्षणात निघतो. चिंचेतले आम्ल तो थर विरघळवते. लिंबाचे आणि आंबट ताकाचेही तेच. चिंचेचा चिंचोकासुद्धा वाया जात नसे. त्याची खळ धनगरांच्या घोंगडीला लावत, तिने घोंगडी ताठ आणि टिकाऊ होते. अशा लोकरीला सोड्याचा मारा सोसत नाही, म्हणून तिला रिठ्याचे पाणी.

रिठा ही खास आपल्या देशाची देणगी. त्याचे शास्त्रीय नाव 'सापिंडस'. त्याचा अर्थच मुळी भारतीय साबण असा. त्याच्या सालीत फेस आणणारे द्रव्य असते आणि ते सौम्य असते. गोदावरीच्या पलीकडे शेवगावासमोर पैठण, कोपरगावाला लागून येवले, म्हणजे पैठणीची दोन्ही गावे नगर जिल्ह्याच्या वेशीवर. रेशीम आणि लोकर हे प्राणिज धागे, क्षाराने ते खराब होतात. घरातल्या बाईने रेशमी लुगडे रिठ्यात धुवायचे आणि सुती धुणे सोड्यात उकळायचे, हा भेद प्रयोगशाळेशिवाय अनुभवाने ठरवला होता.

या धुण्याचा इतिहास सांगताना परीट समाजाला विसरून चालणार नाही. खार लावून, भट्टीत वाफवून, नदीच्या दगडावर धोपटून गावाचे कपडे स्वच्छ करण्याची विद्या त्यांची. कुणाचा कपडा कुणाचा हे ओळखण्यासाठी ते बिब्ब्याच्या रसाने खूण करत, आणि कितीही धुतली तरी ती खूण जात नसे. डाग काढणाऱ्यालाच न निघणारा डाग ठाऊक होता! याच समाजात १८७६ मध्ये गाडगेबाबा जन्मले. कीर्तनाला गेलेल्या गावात आधी हातात खराटा घेणाऱ्या या संताने स्वच्छता ही देवपूजेइतकी मोठी मानली. २००० साली राज्यात सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव दिले गेले.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. सोवळे म्हणजे स्वच्छता नव्हे. नगर आणि राहुरीत राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त वडिलांच्या सोवळ्याचा टोकाचा प्रकार सांगितला आहे. त्या धुण्या-विसळण्याचा संबंध विटाळाच्या भीतीशी होता, मळाशी नव्हता. गाडगेबाबांचा खराटा मात्र खऱ्या मळावर चालला. गावाची घाण काढणाऱ्यालाच अस्पृश्य ठरवणाऱ्या समाजात हा फरक फार मोलाचा होता.

नगर जिल्ह्याची गोष्ट पाण्याशिवाय पुरी होत नाही. अकोले तालुक्यात घाटघरला धो धो पाऊस, पण पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हा सारा पर्जन्यछायेचा मुलूख. निजामशाहीत कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून खापरी नळांनी शहरात पाणी आणावे लागले, ते काही हौसेने नव्हे. शिवाय इथल्या अनेक विहिरींचे पाणी जड. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, त्यात साबणाला फेसही येत नाही. पाण्यातला चुना साबणाशी जमून राखाडी साय बनते आणि कपड्यावर बसते. धुण्याचा सोडा आधी टाकला की चुना खाली बसतो आणि साबण कमी लागतो. रिठ्याला मात्र जड पाण्यातही फेस येतो. १९७२ च्या दुष्काळात हंडाभर पाण्यासाठी मैलोगणती चालावे लागत असताना भांडी कोरड्या राखेने घासून नुसती फडक्याने पुसणे हीच स्वच्छता होती. त्या दिवसांत फेसाचा साबण लावणे म्हणजे पाणी उधळणे होते, कारण साबण लावायला तांब्याभर आणि काढायला बादलीभर पाणी.

तोवर बाजार बदलू लागला होता. १८८८ मध्ये लिव्हर कंपनीचा सनलाइट साबण भारतात उतरला. स्वदेशीच्या वातावरणात १९१८ च्या सुमारास अर्देशिर गोदरेजांनी वनस्पती तेलाचा साबण काढला, त्यात प्राण्यांची चरबी नव्हती. पाठोपाठ टाटांचा पाचशे एक बार आला. १९५९ मध्ये सर्फची पावडर आली, ती शहरी मध्यमवर्गासाठी. खेड्यात क्रांती केली ती १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी सुरू केलेल्या निरमाने. किलोला तीन रुपयांच्या आसपास, म्हणजे बड्या कंपनीच्या पावडरीपेक्षा कितीतरी स्वस्त. पुढे स्टीलची भांडी आली, चूल जाऊन गॅस आला आणि राख घरातून नाहीशी झाली.

म्हणून 'जुने तेच सोने' असे म्हणावे का? अजिबात नाही. त्या राखेमागे चुलीचा धूर होता, फुकटच्या सफाईमागे बाईचे फुटलेले हात होते. स्वस्ताईचा हिशेब करताना तिचे तास कुणी मोजले नाहीत. पण त्या अनुभवातले ज्ञान टाकून देणे हाही तोटाच.

त्यातले काही आजही रोजच्या उपयोगाचे आहे. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो. घाबरू नये, क्षाराने हळदीचा रंग बदलतो एवढेच. कपडा धुऊन कडक उन्हात वाळवावा, डाग फिका होत जातो. रक्ताच्या डागाला गरम पाणी लावू नये, थंड पाण्यात भिजवावा. गंजाच्या डागावर लिंबू-मीठ चोळून ऊन द्यावे. सांडलेल्या तेलावर आधी पीठ टाकावे, ते तेल शोषते. मात्र शहाबादी फरशीवर लिंबू किंवा ॲसिड वापरू नये. तो चुन्याचा दगड, आम्लाने खाल्ला जातो. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला सोडा नको, ते काळे पडते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्लीचिंग पावडर आणि संडासचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू जीवघेणा आहे. घरगुती म्हणजे निर्धोक, असे समजण्याचे कारण नाही.

२०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. नाव बदलले, पाऊसमान बदलले नाही. डाग कशाने काढायचा एवढेच आपण विचारतो. तो काढायला पाणी किती लागेल आणि हात कुणाचे लागतील, हेही विचारायला हवे. दुष्काळी गावांतल्या बायकांनी ते रोज विचारले, कारण पाण्याचा हंडा त्यांच्याच डोक्यावर होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)